वाळवंटातला अबोला

"हेमंतराव, यांना विचारा, खिडकीकडची बाजू हवी की दाराकडची?"

नाना, म्हणजे माझे सासरे, पलंगाच्या एका बाजूला उभे होते. ज्यांना विचारायचं त्या माझ्या सासूबाई पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, बॅगेची चेन उघडत होत्या. मी मध्ये, पायथ्याशी.

"आई, खिडकी की दार?" मी विचारलं.

"त्यांना सांगा, बाथरूमजवळची बाजू त्यांनीच घ्यावी. रात्री चारदा उठतात."

"नाना, आई म्हणतात..."

"ऐकलं मी," नाना म्हणाले. "म्हणावं, चारदा नाही, दोनदा."

याला आता बरीच वर्षं झाली. नाना आता नाहीत, पण तो तंबू आठवला की आधी त्यांचं ते "हेमंतराव, यांना विचारा" कानात वाजतं.

तंबू म्हणायचा तो आपला नावाला. जैसलमेरच्या पुढे तासाभराच्या अंतरावर, वाळूच्या टेकड्यांच्या अलीकडे अशा पांढऱ्या तंबूंची ओळच्या ओळ उभी होती. आत गालिचे, नक्षीचा पलंग, वर झुंबर, आणि कापडी पडद्यामागे चक्क टब असलेली न्हाणी. नानांनी आल्या आल्या खांब हलवून पाहिला, कनातीचं कापड बोटांत धरून किती जाड आहे ते तपासलं, आणि उशाशी ठेवलेल्या फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. उभी हयात टेलिफोन खात्यात गेलेली, त्यामुळे कुठेही गेले तरी त्यांना आधी हे करायचं असायचं.

"टोन आहे," ते समाधानानं म्हणाले. "तंबूत कमोड आणि फोनला टोन! हेमंतराव, मोगल बादशहांनासुद्धा हे सुख मिळालं नसेल. सांगा यांना."

"ऐकलं म्हणावं," आई म्हणाल्या.

ही सहल म्हणजे केतकीची कल्पना. केतकी माझी बायको, त्यांची एकुलती एक लेक. नाना निवृत्त झाले तेव्हा त्यांना घड्याळबिड्याळ न देता दोघांना एकदा राजेशाही थाटात ठेवायचं असं तिनं ठरवलं. आयुष्यभर नाशिक सोडून ही माणसं कुठे गेली असतील तर लग्नकार्याला. बुकिंग झालं, तिकिटं हातात आली आणि नेमकं त्याच सुमारास आईंनी नानांशी बोलणं टाकलं.

अबोला काही मला नवा नव्हता. माझ्या आईवडिलांचाही अधूनमधून व्हायचा, पण तो दुपारच्या चहापर्यंत टिकला तर टिकायचा. हा अबोला महिना उलटला तरी हलायला तयार नव्हता. नानांना वेळच्या वेळी चहा मिळत होता, शर्टाला इस्त्री होत होती, जेवताना पानात लिंबू वाढलं जात होतं. फक्त शब्द मिळत नव्हता. आता बायको बोलत नाही म्हटल्यावर आपण होऊन बोलायचं, तर तेही नानांच्या मानी स्वभावात बसणारं नव्हतं. मधल्यामध्ये केतकीनं निरोप पोचवायला साफ नकार दिला. मग उरलो मी. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नव्या जावयाचा शब्द कोण मोडणार, आणि नवा जावई तरी कुणाला नाही म्हणणार!

सामान लावून मी आमच्या तंबूत गेलो, तर केतकी बाहेरच्या वेताच्या खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"आई इथून घरी येत नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दादामामाकडे चाललीय. अचलपूरला. उद्या संध्याकाळची गाडी आहे तिची. आपण परवा निघणार, ती उद्याच निघणार. गुपचूप तिकीट काढलं आणि आज जेवताना सांगितलं मला."

"जाऊ दे की. माहेरी जाऊन येतील चार दिवस."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, परतीचं काढलेलं नाही." केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "कधी येशील विचारलं तर म्हणते, बघू. हेमंत, ती असं कधी म्हणत नाही. तिचं सगळं ठरलेलं असतं."

"पण झालंय काय त्यांचं?"

"तेच तर सांगत नाही. अमरावतीला त्या लग्नाला एकटी गेली होती ना, तिथून आली ती गप्पच. आणि नाना म्हणतात, मी काहीच केलं नाही. त्यांना वाटतं, स्टेशनवर घ्यायला गेलो नाही म्हणून रागावलीय. मला नाही वाटत. आई असल्या गोष्टींवर रागवत नाही." तिनं डोळे पुसले. "तू काहीतरी कर. ती इथून नानांशी न बोलता गेली ना, तर परत येणार नाही. मला माहितीय तिचा स्वभाव."

काहीतरी कर म्हणजे काय करायचं हे बायका कधी सांगत नाहीत. पण मीही तेव्हा स्वतःला जरा शहाणाच समजायचो. विमा कंपनीत माणसांना बोलतं करायचं काम होतं माझं. म्हटलं, बघू या.

संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी झाली, नाच झाला. थंडी अशी की दात वाजत होते. नानांना तिथल्या लोकांनी केशरी साफा बांधला आणि तो त्यांना इतका शोभला की दुसऱ्या दिवशीही त्यांनी तो उतरवला नाही. आई गाण्यांना मान डोलवत होत्या, पण नाना "वा" म्हणाले की त्यांची मान थांबायची.

सकाळी चहा घेताना नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "हेमंतराव, ही हॉटेलवाली मंडळी भली आहेत हं. रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवतात. मला तर दोन ठेवल्या होत्या. माझे पाय गार पडतात हे यांना कसं कळलं कोण जाणे!"

माणशी एकच पिशवी ठेवतात, हे मला माहीत होतं. मी आईंकडे पाहिलं. त्या लांब उभ्या राहून वाळूत पळणाऱ्या किड्यांचा माग बघत होत्या. मला बरं वाटलं. म्हटलं, अजून सगळं हातातून गेलेलं नाही.

त्या भरात जेवणाच्या वेळी मी एक उद्योग केला. मोठ्या शामियान्यात डाळ-बाटी वाढली होती. बाटीवर वाटीभर तूप ओतत होते आणि नाना तिसरी बाटी घ्यायच्या बेतात होते.

"हेमंतराव, यांना सांगा, तुपात पोहायला नाही आलो आपण," आई म्हणाल्या.

"नाना, आई म्हणतात, तब्येतीला जपा. त्यांना काळजी वाटते."

नानांचा चेहरा असा उजळला, की मला माझंच कौतुक वाटलं. "असं म्हणाली?" ते म्हणाले. "मग तिला म्हणावं, तू केलेल्या वरणाची सर या डाळीला नाही."

"मी असं काही म्हटलेलं नाही," आई शांतपणे म्हणाल्या. "आणि हेमंतराव, निरोप आहे तसा द्यावा. त्यात पदरची साखर घालू नये. यांना म्हणावं, काय खाऊन राहिले ते जरा बघून खा."

इतकी वर्षं नाशिकला काढूनही आई चिडल्या की त्यांच्या बोलण्यात वऱ्हाड डोकवायचं. ते "खाऊन राहिले" ऐकलं आणि माझा उद्योग तिथेच आटोपला. नानांनी तिसरी बाटी परत केली.

जेवणानंतर केतकी रिसॉर्टच्या दुकानात चादरी बघायला गेली. मी आईंच्या तंबूपुढच्या ओसरीत जाऊन बसलो. नाना आत लवंडले होते. आई शाल पांघरून समोरच्या टेकडीकडे बघत होत्या. वारा पडला होता. वाळूवर लाटांसारख्या रेघा उमटल्या होत्या.

"आई, खरंच आज जाताय?"

"हो."

"नानांनी काही चूक केली असेल तर सांगा ना त्यांना. नाही सांगितलं तर कसं कळायचं?"

"सांगून कळण्यासारखं असतं तर सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. मग शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी भलतंच विचारलं. "हेमंतराव, तुमच्या आईचं माहेरचं नाव काय हो?"

"इंदू. सासरी वैजयंती झाली. पण मामा अजून इंदूच म्हणतो."

"आणि तुमचे वडील?"

"चिडवायचं असलं की म्हणतात. का हो?"

"काही नाही. बरं आहे त्यांचं." एवढं बोलून त्या उठल्या. "जीप सांगून येते स्टेशनसाठी."

आतून नानांचा आवाज आला. झोपलेले नव्हतेच ते. "हेमंतराव, म्हणावं, जीप मी सांगतो. त्यांनी उन्हातून जायची गरज नाही."

"म्हणावं, माझी मी सांगते," आई म्हणाल्या आणि साडीचा घोळ सावरत वाळूतून चालत ऑफिसच्या तंबूकडे गेल्या.

त्या गेल्यावर नाना बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले. साफा डोक्यावर होताच. हातात जुनं वर्तमानपत्र होतं, पण पान काही उलटत नव्हतं.

"जाणार म्हणजे खरंच जाणार की काय ही?" ते हळूच म्हणाले.

"तसंच दिसतंय."

"स्टेशनवर घ्यायला जायला हवं होतं मी त्या दिवशी. पण दुपारी झोप लागली हो." ते थांबले. "मला साधा चहासुद्धा करता येत नाही, हेमंतराव. आणि ते सोडा. चहा बाहेर मिळतो. पण घरात ही नसली की घड्याळसुद्धा मोठ्यानं वाजतं. आता महिनाभर बोलत नाही, तरी भांड्यांचा आवाज तरी येतो. उद्या तोही नसला तर मी काय करायचं?"

नाना असं बोलतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मी नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आई परत आल्या, आमच्याकडे न बघता आत गेल्या आणि सामान आवरू लागल्या. थोड्या वेळानं किशनसिंह आले. रिसॉर्टचे व्यवस्थापक, पांढऱ्या मिशा, अत्यंत अदबीचा माणूस. त्यांच्यामागे थोड्या अंतरावर एक उघडी जीप येऊन थांबली होती.

"साब, कुमुदजी की जीप लग गई है."

"किनकी?" नानांनी विचारलं.

"कुमुदजी की."

नानांनी चष्मा वर केला आणि टेलिफोन खात्यात जन्मभर कमावलेल्या सौजन्यानं म्हणाले, "नहीं भाई, आप गलत जगह आ गए. हमारे यहाँ कुमुद नाम का कोई नहीं है."

"पक्का, साब? तंबू तो यही बताया था."

"अरे बाबा, मेरे घर के लोग मुझे मालूम नहीं होंगे? उधर पूछिए, उस लाईन में. कल गुजरात से पार्टी आई है, उनमें होंगी." मग माझ्याकडे वळून, "हेमंतराव, तुमच्यात कुणी कुमुद आहे?"

"नाही बुवा," मी म्हणालो. आईंची जीप अजून यायचीय, असंच मी धरून चाललो होतो.

किशनसिंहांनी माफी मागितली आणि ड्रायव्हरला पलीकडच्या ओळीकडे जायची खूण केली. जीप वळली, वाळू उडवत निघालीसुद्धा. नाना पुन्हा वर्तमानपत्राकडे वळले.

तंबूचा पडदा बाजूला झाला. आई दारात उभ्या होत्या. अंगावर प्रवासाची साडी, खांद्यावर शाल, हातात बॅग. कनातीचं कापड कितीही जाड असलं तरी ते कापडच. बाहेरचा शब्द न शब्द आत ऐकू गेला होता.

"हेमंतराव," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "यांना सांगा, कुमुद मी आहे."

तो निरोप मी पोचवायची गरज नव्हती. नानांनी आईंकडे पाहिलं, मग जीप गेली होती तिकडे पाहिलं, मग पुन्हा आईंकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"कुमुद," ते स्वतःशीच पुटपुटले. "देऊळगावकरांची कुमुद."

"आठवलं वाटतं," आई मला म्हणाल्या. बॅग खाली ठेवून त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघत, पण नानांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलत राहिल्या. "पिंपळखऱ्यांच्या घरात सुनेचं नाव बदलायची रीत. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि यांनी त्यात अंगठीनं सुनंदा लिहिलं. त्याचं मला काही नाही. तेव्हा सगळ्यांचीच बदलायची. माहेरी तर मला सगळे बेबीच म्हणायचे, त्यामुळे तिथेही यांच्या कानावर कधी पडलं नाही. कुमुद म्हणायच्या त्या फक्त शाळेतल्या मैत्रिणी. पण हेमंतराव, नाव पुसलं तर पुसलं, निदान पुसणाऱ्याला तरी ते आठवावं की नाही?"

"आई, पण झालं काय?"

"फोन आला होता. दिवाळीनंतर."

"आला होता," नाना एकदम म्हणाले. अजूनही माझ्याकडेच बघत. "आठवतंय मला. कुणी बाई होत्या. म्हणाल्या, कुमुदताई आहेत का? मी सांगितलं, कुमुद? नाही हो, या घरात कुमुद नाही. त्या गप्पच झाल्या. मग 'अरेरे' म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला वाटलं, राँग नंबर लागला म्हणून हळहळल्या."

"राँग नंबर!" आई म्हणाल्या. "माझ्या शाळेचा फोन होता तो. सुवर्णमहोत्सव होता शाळेचा. आमच्या वर्गाच्या सगळ्याजणी जमणार होत्या. दादाकडून नंबर घेतलेला त्यांनी, म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही. आणि नवरा स्वतः सांगतो, कुमुद या घरात नाही. काय समजतील त्या?"

मला कळायला क्षणभर लागलं.

"म्हणजे त्यांना वाटलं की तुम्ही..."

"वाटलं काय! कार्यक्रमात गेलेल्यांची नावं वाचली, त्यात माझं वाचलं. साऱ्या उभ्या राहिल्या. दोन मिनिटं शांतता पाळली माझ्यासाठी." आईंचा आवाज आता कापायला लागला. "मला काय माहीत! मी अमरावतीला लग्नात जेवायला बसले, तर समोरून माझ्या वर्गातली पुष्पलता मोहोड आली आणि मला बघून तिच्या हातातलं ताट पडलं. 'अवं माय, कुमे! तू त जित्ती हाये!' असं ओरडली की सगळा मांडव वळून बघायला लागला."

मला हसू आवरेना. मी तोंडावर हात धरला. एव्हाना चादरींची पिशवी घेऊन केतकी येऊन ठेपली होती आणि शेवटचं ऐकून तीही फिसकन हसली.

"हसा," आई म्हणाल्या. "मलाही आधी हसूच आलं. पुष्पलता आणि मी दोघी पोट धरून हसलो. मग परतीच्या गाडीत बसले आणि रडू आलं, ते नाशिक येईपर्यंत थांबलं नाही. लेझमीत मी पुढे असायची, हेमंतराव. मैदानावर सगळ्या कुमुद, कुमुद म्हणून ओरडायच्या. आणि ज्याच्या घरात जन्म काढला त्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, नाही म्हणून. तेव्हा म्हणाला आणि आत्ता माझ्यासमोर पुन्हा म्हणाला."

केतकी जाऊन आईला बिलगली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. आईंना बॅगेसह दारात बघून किशनसिंहांनी दूर गेलेली जीप परत बोलावली होती. ती आमच्यापुढे येऊन उभी राहिली, तसं आईंनी केतकीला हळूच बाजूला केलं आणि बॅग उचलली.

नाना खुर्चीतून उठले होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"हेमंतराव," ते म्हणाले, "त्यांना सांगा..."

"काय सांगू?"

"सांगा की मला खरोखरच... की मी मुद्दाम नाही..." त्यांनी चष्मा काढून पुन्हा लावला. "तुम्ही सांगा हो नीट. तुम्हाला जमतं बोलायला."

"नाना," मी म्हणालो, "हा निरोप मी नेणार नाही. हा तुमचा तुम्ही द्या."

जावई म्हणून मी नानांना आयुष्यात एकदाच नाही म्हणालो, ते त्या दिवशी. केतकीनं माझ्याकडे दचकून पाहिलं. आई एक क्षण थांबल्या. नाना मात्र वळले आणि तंबूत निघून गेले. पडदा त्यांच्यामागे पडला.

आईंनी तो पडदा पडलेला पाहिला. ओठ घट्ट मिटून त्या जीपकडे चालू लागल्या. मी बॅग घेतली आणि मागे ठेवली. किशनसिंहांनी हात देऊन त्यांना सीटवर बसवलं. केतकी माझा दंड धरून उभी होती आणि तिची नखं मला रुतत होती. मला वाटलं, झालं, मीच घालवलं सगळं. नेला असता निरोप तर काय बिघडलं असतं?

ड्रायव्हरनं जीप चालू केली, तेवढ्यात तंबूतून नाना बाहेर आले. हातात त्यांची हँडबॅग, घाईघाईनं कोंबलेली, चेनमधून टॉवेलचं टोक लोंबत होतं. पायात रिसॉर्टच्या पांढऱ्या सपाता, डोक्यावर केशरी साफा तसाच. वाळूत सपाता रुतत होत्या आणि ते एक पाय ओढत, एक पाय उचलत जीपकडे येत होते.

"रुको, भाई, रुको!" ते ओरडले. "किशनसिंहजी, कुमुदजी के साथ एक आदमी और जाएगा."

"हेमंतराव," आई समोर बघत म्हणाल्या, "विचारा यांना, कुठे निघाले हे?"

मी टेकडीकडे बघत राहिलो. केतकीही गप्प राहिली. कुणी निरोप न्यायला तयार नाही म्हटल्यावर नाना जीपला हात टेकून उभे राहिले. धाप लागली होती त्यांना.

"कुमुद," ते म्हणाले.

आईंनी वळून पाहिलं नाही.

"कुमुद," ते पुन्हा म्हणाले. त्यांच्या तोंडात ते नाव नीट बसत नव्हतं. आईंनी पदर सारखा केला, मांडीवरची पर्स उगाच उघडली. मला आधी वाटलं, रागानं ओ देत नाहीयेत. मग लक्षात आलं की नानांच्या आवाजात ते नाव त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, आणि आपल्यालाच हाक मारली जातेय हे त्यांना पटत नव्हतं.

"कुमुद!" नाना मोठ्यानं म्हणाले. पलीकडच्या तंबूतले लोक बाहेर येऊन बघायला लागले.

"ओ," आई म्हणाल्या. आपसूक निघून गेलं त्यांच्या तोंडून, आणि निघाल्यावर त्या स्वतःच गोंधळल्या.

"मी येतो अचलपूरला," नाना थेट त्यांच्याशी बोलत होते. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच. "पुष्पलताबाईंना म्हणावं, सगळ्यांना बोलवा. शाळेत येतो मी."

आईंनी आता त्यांच्याकडे पाहिलं. "येऊन काय करणार?"

"सांगणार, की तेव्हा मी चुकीचं सांगितलं. कुमुद आहे."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. परत जायचं की नाही ते मग तुझं तू ठरव. मी म्हणणार नाही काही."

आईंचे डोळे भरून आले होते. शेजारच्या सीटवरची शाल त्यांनी उचलून मांडीवर घेतली, आणि नाना त्या रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले. चढावं की नाही, त्यांना कळत नव्हतं.

"पायात काय आहे?" आई म्हणाल्या.

नानांनी खाली पाहिलं. "सपाता. बूट आत राहिले."

"हेमंतराव, यांना..." सवयीनं आईंनी सुरुवात केली आणि त्या मध्येच थांबल्या. मग नानांकडे वळून म्हणाल्या, "अहो, मग जा की, घालून या. मी थांबते."